परदेशातलं घर परकं का वाटतं, आणि बॅगेत काय मागवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. परदेशी येऊन आठ महिने झाले. भाड्याचं घर चांगलं आहे, जेवणाखाण्याची सोय लागली आहे, कामावर काही त्रास नाही. तरी संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरलं की दुसऱ्या कुणाच्या घरी उतरल्यासारखं वाटतं, अंग सैल पडत नाही आणि रात्री झोप तुटते. पुढच्या महिन्यात घरचं माणूस येणार आहे, सोबत २३ किलोच्या दोन बॅगा आहेत. टेबल फॅन, पांघरुणं, चादरी, उशी, दिवा, शोभेच्या काही लाकडी वस्तू, यांतलं काय मागवावं असं तुम्ही विचारलं आहे.

परदेशी बदली झालेल्या कुटुंबांची घरं लावून देणं हेच माझं काम आहे, आणि यादी आधी नि कारण मागाहून असा उलटा क्रम मी नेहमी पाहते. ‘घरची आठवण येते’ यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे माणसांची आठवण. दुसरी म्हणजे शरीराला वर्षानुवर्षं सवय झालेली परिस्थिती: संध्याकाळी खोलीत उजेड किती आणि कुठल्या रंगाचा, हवा किती कोरडी, मागे सतत काय ऐकू येतं, पांघरुणाचं वजन किती, पाण्यात साबण कसा वागतो. ही दुसरी गोष्ट मोजता येते आणि बहुतेक वेळा तुम्ही आहात तिथेच दुरुस्त करता येते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की हरवलंय काय ते आधी शोधा, वस्तू नंतर ठरवा. टेबल फॅनची आठवण येते तेव्हा तुम्हाला त्याचा वारा हवा आहे की त्याचा आवाज, हे कळल्याशिवाय तो बॅगेत चढवू नका.

आठ महिन्यांनंतर हे का सुरू व्हावं, अशी शंका तुम्ही घेतली आहे. त्यात विचित्र काही नाही. अमेरिकेत राहून परतलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास स्वेरे लिसगोर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला. त्यात सहा महिन्यांहून कमी किंवा अठरा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांपेक्षा मधल्या काळातले लोक कमी रुळलेले आढळले होते. हा नियम सगळ्यांना लागू पडत नाही. नंतरच्या अभ्यासांत पहिलेच महिने सर्वांत जड गेलेलेही बरेच दिसतात. पण सुरुवातीची धावपळ संपल्यावर, कागदपत्रं नि घर मार्गी लागल्यावर, शरीराच्या तक्रारी वर यायला जागा मिळते, हे मी अनेक घरांत बघते.

तुम्ही देश लिहिलेला नाही, आणि पुढचं बरंचसं त्यावर ठरतं: हिवाळा किती लांब, हवा कोरडी की दमट, विजेचा दाब किती, भाडेकरारात भिंतीला भोक पाडायला परवानगी आहे का. म्हणून तुमच्या घरात काय चुकतंय ते तुम्हालाच तपासता यावं अशा बेताने लिहिते.

आधी एक आठवडा नोंद ठेवा. दाराशी कागद-पेन ठेवा. परकं वाटेल तेव्हा फक्त वेळ, कुठल्या खोलीत होता आणि शरीर कसं होतं एवढंच लिहा. कारण लिहू नका, कारण शोधायला गेलात की नोंद सोडून विचारांत अडकाल. आठवड्याने कागद बघा. नोंदी अंधार पडल्यानंतरच्या तासाभरात जमल्या असतील तर उजेड तपासा. पहाटे घसा सुकून जाग येत असेल तर हवा. दार लावल्याबरोबर घर अंगावर येत असेल तर आवाज, किंवा आवाज नसणं. अंघोळीनंतर चिडचिड होत असेल तर पाणी. आणि नोंदी सुट्टीच्या दुपारी-संध्याकाळी जमल्या असतील तर ती माणसांची उणीव आहे, तिथे दिवा बदलून काही होणार नाही. बहुतेकांच्या कागदावर दोन कारणं निघतात. सगळी एकदम बदलू नका. एका वेळी एकच बदला आणि चार-पाच दिवस थांबा, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

उजेडापासून सुरुवात करते, कारण तिथे खर्च कमी आणि फरक सर्वांत मोठा पडतो. दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे असतात, लुमेन आणि केल्विन. लुमेन म्हणजे उजेड किती. केल्विन म्हणजे त्याचा रंग: २७०० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. लांब ट्यूबलाइटखाली वाढलेल्या माणसाचे डोळे घरात अडीच-तीन हजार लुमेनच्या पांढऱ्या उजेडाला सरावलेले असतात. भाड्याच्या घरात मात्र अनेकदा छताला ८०० लुमेनचा, २७०० केल्विनचा एकच दिवा मिळतो. चार मीटर बाय तीन मीटरच्या खोलीत त्यातला साधारण निम्मा उजेड भिंती नि शेडमध्ये जातो असं धरलं, तर उरलेले ४०० लुमेन १२ चौरस मीटरवर पसरून जेमतेम ३३ लक्स मिळतात (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन). इतक्या उजेडात वस्तू दिसतात, पण खोली खिन्न वाटते, आणि तो दोष आपण मनाच्या खाती मांडतो. त्याच खोलीत १५० लक्स हवे असतील तर एकूण ३६०० लुमेन लागतात. म्हणजे तसे चार-पाच दिवे, किंवा १५०० लुमेनचे दोन आणि कोपऱ्यात एक छोटा.

सगळा उजेड छतावरून आणू नका. दोन दिवे उभ्या स्टँडवर, भिंतीकडे तोंड करून लावले की उजेड परतून येतो, सावल्या मऊ पडतात आणि भिंतीला भोकही पाडावं लागत नाही. रंगछटा दाखवण्याचा निर्देशांक (खोक्यावर CRI) ९० किंवा त्याहून जास्त असलेला दिवा घ्या. त्याखाली कपड्यांचे, कातडीचे रंग खरे दिसतात. स्वस्त दिव्याखाली माणसं आजारी दिसतात, आणि आरशात रोज असा चेहरा पाहणं बरं नव्हे.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. पांढऱ्या उजेडाने संध्याकाळ बरी जाते म्हणून माणूस झोपेपर्यंत तोच लावून बसतो, आणि निळसर तेज उजेडाने झोप पुढे सरकते. म्हणून दोन वेगळी बटणं ठेवा: जेवण होईपर्यंत पांढरा, झोपण्याआधीचा दीड-दोन तास फक्त पिवळा आणि मंद. शिवाय भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसणारा टायमर घेऊन एक दिवा सूर्यास्ताआधी अर्धा तास आपोआप लागेल असं करा. तुमची तक्रार कुलूप उघडण्याच्या क्षणाची आहे. अंधाऱ्या घरात शिरून भिंतीवर बटण चाचपडायचं, हाच तो क्षण असतो. हा दिवा मी जवळजवळ प्रत्येक घरात सगळ्यात आधी लावून घेते.

तुम्ही उत्तरेकडे बरंच वर असाल तर घरातले दिवे पुरणार नाहीत. विषुववृत्ताजवळ दिवस बाराही महिने १२ तासांच्या आसपास असतो. ६० अक्षांशावर डिसेंबरात तो सहा तासांच्या घरात येतो. अशा हिवाळ्यात येणारं हंगामी नैराश्य नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली वैद्यकीय साहित्यात नोंदवलं, आणि त्यावर सकाळी तेज प्रकाश घेण्याचा उपचार रूढ आहे: १०,००० लक्सचा दिवा, उठल्यापासून तासाभरात, २० ते ३० मिनिटं. उघड्या डोळ्यांनी समोर बसायचं, पण दिव्याकडे टक लावायची नाही. अंतर उत्पादकाने लिहिलेलंच ठेवा, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो. टेबलाच्या पलीकडे ठेवलेल्या दिव्याचा उपयोग होत नाही तो याचमुळे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल किंवा कधी उन्माद-नैराश्याचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उन्हाळ्यात उलटा प्रश्न येतो. रात्री दहालाही उजेड असतो. तेव्हा जाड पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना किमान १० ते १५ सेंटीमीटर रुंद हवा. उजेड कापडातून कमी आणि कडांमधूनच जास्त येतो.

आता हवा. थंड देशात हीटर लावलेल्या घरात घसा सुकणं, नाकातून थोडं रक्त येणं, कातडी ताणणं हे ‘हवामान मानवत नाही’ म्हणून सोडून दिलं जातं. त्यामागे साधं गणित आहे. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४.८ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, २२ अंशांना १९ ग्रॅमहून थोडं जास्त. बाहेर शून्य तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेत ३.९ ग्रॅम बाष्प असतं. तीच हवा घरात येऊन २२ अंशांना तापली की बाष्प तेवढंच राहतं, मावण्याची जागा चौपट होते आणि आर्द्रता २० टक्क्यांवर उतरते. दमट प्रदेशात वाढलेल्या शरीराला हा मोठा बदल आहे. ४० ते ५० टक्के आर्द्रता ठीक समजा.

मोजल्याशिवाय ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, घेऊ नका. साधा डिजिटल आर्द्रतामापक पुरतो, पण स्वस्त मापकं पाच-सात टक्के सहज चुकतात. ते घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पण विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत घालून दहा-बारा तास एका जागी ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने ७० दाखवले तर पुढच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवा.

झोपायच्या खोलीपुरतं पाणी किती लागतं? तीस घनमीटरची खोली, दोन तासांत एकदा हवा बदलते असं धरलं, तर २० वरून ४० टक्के टिकवायला ताशी सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे रात्रभरात अर्धा लिटर. रेडिएटरवर ठेवलेल्या वाटीभर पाण्याने हे होत नाही. दोन लिटरची टाकी असलेलं छोटं यंत्र पुरतं. धुकं सोडणारं अल्ट्रासॉनिक यंत्र जड पाण्यातले क्षारही हवेत उडवतं आणि सामानावर पांढरी भुकटी बसते. त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला, नाहीतर ओल्या गाळणीतून हवा फिरवणारं यंत्र घ्या. दोन्हीची टाकी रोज रिकामी करून दर दोन-तीन दिवसांनी घासायची. यात आळस झाला की तेच यंत्र जंतू पसरवतं. आर्द्रता ६० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. खिडकीच्या काचेवर सकाळी पाणी ओघळलेलं दिसलं तर ती जास्त झाली आहे, आणि पुढची पायरी कोपऱ्यातली बुरशी.

तुमचा देश दमट निघाला तर सगळं याच्या उलट करायचं. घरात वाळत घातलेल्या एका धुण्यातून सुमारे दोन लिटर पाणी हवेत जातं, तेव्हा कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका. जाड टॉवेलला येणारा कुबट वासही तिथलाच. घरून पातळ सुती टॉवेल मागवले तर ते त्याच हवेत कितीतरी लवकर वाळतात.

याच कारणासाठी लाकडी वस्तूंबद्दल सावध करते. दमट जागी वर्षानुवर्षं राहिलेलं लाकूड २० टक्क्यांच्या हवेत आकसतं, जोड उघडतात, तडे जातात. आणायचीच असेल तर हिवाळ्यात आल्या आल्या रेडिएटरजवळ मांडू नका. आतल्या भिंतीला ठेवा, खोलीची आर्द्रता आधी ४० च्या वर आणा. काही देशांत, विशेषतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, लाकूड, बिया, पिसं, सुकलेली पानं-फुलं यांतलं काहीही असेल तर विमानतळावर जाहीर करावं लागतं. लपवण्यापेक्षा जाहीर करणं केव्हाही चांगलं, कारण दंड वस्तू आणल्याबद्दल नसला तरी न सांगितल्याबद्दल होतो.

तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मला ‘इथे रात्री पिन पडली तरी ऐकू येतं’ हे वाटलं. आणि लगेच पुढे तुम्ही फॅन मागवायचा विचार लिहिला आहे. मला दाट शंका आहे की तुम्हाला वारा नको, आवाज हवा आहे. दुपदरी काचेच्या खिडक्यांमुळे बाहेरचं सगळं बंद होतं आणि खोली फार शांत होते. मग वरच्या मजल्यावरचं पाऊल, पाइपातलं पाणी, लिफ्टचं दार, प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो. झोप मोडण्यात आवाजाच्या मोठेपणाइतकाच तो शांततेपेक्षा किती वर उसळला याचाही हात असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात शयनकक्षासाठी सलग आवाजाची मर्यादा ३० डेसिबल आणि सुट्या आवाजाची ४५ डेसिबल दिली आहे. खोली २० डेसिबलची असेल तर ४० चा आवाजही दचकवतो. फॅनची घरघर मागे असली की तोच आवाज तिच्यात बुडून जातो.

उपाय म्हणजे एकसुरी, शब्द नसलेला आवाज. वरची मर्यादा नकोशा गोंगाटाची आहे; आपण मुद्दाम लावलेला असा आवाज खोलीत साधारण ४० डेसिबल पुरे, ५० च्या वर नको. स्पीकर उशाशी ठेवू नका. आवाज जिकडून येतो त्या दाराच्या किंवा भिंतीच्या नि पलंगाच्या मध्ये ठेवा, म्हणजे कमी आवाजात काम होतं. फोनच्या स्वतःच्या स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत. फॅनची घरघर बहुतांशी खालच्या सुरांत असते, त्यामुळे त्यातून नुसता फस्स आवाज येतो. निदान तळहाताएवढा स्पीकर हवा.

यापेक्षा चांगलं म्हणजे घरचाच आवाज मागवणं, आणि त्याला वजन लागत नाही. पण तो नीट ध्वनिमुद्रित केला पाहिजे. बहुतेकजण मेसेंजरवरून ‘व्हॉइस मेसेज’ पाठवायला सांगतात, आणि तो निकामी ठरतो. ती सोय बोलणं स्पष्ट यावं म्हणून बनवलेली असते. ती पार्श्वभूमीच कापून टाकते, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असते. त्याऐवजी फोनच्या रेकॉर्डिंग ॲपमध्ये आवाजशुद्धीचा पर्याय बंद करायला सांगा, फाइलचा प्रकार ‘वेव्ह’ (WAV) ठेवा, फोन विमान मोडवर टाकून खोलीत घडी घातलेल्या कापडावर ठेवा, म्हणजे टेबलाची कंपनं येत नाहीत. तासभर तसंच राहू द्यायचं, जवळ कुणी मुद्दाम बोलायचं नाही. एका चॅनलवर, ४४.१ किलोहर्ट्झला, एका तासाची फाइल साधारण ३२० मेगाबाइटची होते. ती ड्राइव्हवरून किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मग त्यातला चाळीस-पन्नास मिनिटांचा सपाट भाग निवडा. ओळखू येणारा हॉर्न, कुणाची हाक, दाराची घंटा असलेला भाग काढून टाका. दर पन्नास मिनिटांनी तीच हाक आली की मेंदू तिची वाट पाहू लागतो. समजणारं बोलणं झोपेसाठी कधीच नको, कान त्याच्या मागे जातात. दिवसा काम करताना मात्र बोलणं असलेलं मुद्रण चालतं, उलट बरं वाटतं.

घर घुमत असेल तर तेही तपासा. खोलीच्या मध्यभागी एक टाळी वाजवा. मागे धातूसारखी झिणझिण राहिली तर भिंती उघड्या आहेत. जाड पडदा, जमिनीवर सतरंजी आणि एका भिंतीला पुस्तकांनी भरलेलं शेल्फ एवढ्याने ती जाते. तुमच्या आवाजाला घुमणारी खोली रिकामी वाटते, आणि एकट्या राहणाऱ्याला हे जास्त जाणवतं.

वारा खरोखरच हवा असेल तरी फॅन तिथेच विकत घ्या. विजेचा दाब ही अडचण आहे. भारतात आणि युरोपात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला विजेचे ५० ठोके) असतात. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, तेही पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ. पिनचा अडॅप्टर फक्त आकार बदलतो, दाब बदलत नाही. २३० व्होल्टचा १००० वॅटचा हीटर १२० वर चालवला तर जेमतेम २७० वॅट देतो, कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. आणि १२० ची वस्तू २३० वर लावली तर जळते. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, पण हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे विजेच्या ठोक्यावर चालणारं ५० हर्ट्झचं जुनं घड्याळ ६० वर तासाला १२ मिनिटं पुढे पळतं, आणि साध्या फॅनच्या मोटरचा वेगही बदलतो. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून ट्रान्सफॉर्मर मोटरच्या दोन-तीनपट क्षमतेचा घ्यावा लागतो, आणि तो लोखंड-तांब्याचा असल्याने जड असतो. ज्या वस्तूच्या चिठ्ठीवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ लिहिलं आहे ती बिनधास्त आणा. बाकीची नको. दिव्याची शेड आवडती असेल तर फक्त शेड मागवा, होल्डर तिथला वापरा.

अंथरुणात मापं फसवतात. अमेरिकेतली क्वीन गादी साधारण १५२ बाय २०३ सेंटीमीटर असते, युरोपातली १६० बाय २००, ब्रिटनमधली किंग १५० बाय २००. जर्मनीत ८० बाय ८० ची चौकोनी उशी सर्रास मिळते, तिच्यावर घरचा अभ्रा बसणार नाही. तेव्हा गादीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून कळवा, आणि चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेल्या चादरीपेक्षा साध्या, प्रत्येक बाजूने ३० सेंटीमीटर जास्तीच्या चादरी मागवा. त्या कुठल्याही गादीखाली खोचता येतात. गादी फार मऊ वाटत असेल तर वर टॉपर (गादीवर घालायचा पातळ थर) घालून ती कडक होत नाही, खालचा थर दबतोच. खालच्या पट्ट्यांवर भोकं पाडलेला १२ मिलिमीटरचा प्लायवूड टाका. भोकं हवीतच, नाहीतर खाली ओल धरते.

पांघरुणाचं म्हणाल, तर लोकांना ऊब कमी पडते असं नाही, वजन कमी पडतं. परदेशी हलकी रजई गरम असते, पण अंगावर असल्याचं जाणवत नाही. त्यासाठी अख्खी जड रजई बॅगेत भरू नका. दीड-दोन किलोची एक सुती चादर त्या हलक्या रजईच्या वर टाकली की दोन्ही साधतं.

पाण्याचा विषय लहान आहे. लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत क्षार म्हणजे मऊ, १८० च्या वर अतिशय जड. चाचणीच्या पट्ट्या मिळतात. जड पाण्यात साध्या साबणाचा साका बनतो, तो कातडीवर नि केसांत बसतो. घरचा साबण मागवून उलट त्रास वाढतो. साबणविरहित वडी वापरा आणि पंधरवड्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू. शॉवरला लावायचे फिल्टर प्रामुख्याने क्लोरिनसाठी असतात, पाणी मऊ करत नाहीत.

वास मात्र बॅगेतून आणण्याजोगा आहे. वासाची वाट मेंदूत स्मरण आणि भावना सांभाळणाऱ्या भागांशी थेट जोडलेली असते, म्हणून तो इतका खोल लागतो. पण नाक काही मिनिटांत सरावतं, आणि साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वास उडून जातो. घरच्या कपाटात राहिलेलं एखादं कापड, न धुता, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा आत ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पाकिटात मागवा आणि क्वचितच उघडा. रोजच्या वापराच्या चादरींसाठी घरचीच कपडे धुण्याची पावडर एक-दोन किलो आली तर तो वास महिनोन्‌महिने मिळतो.

म्हणजे बॅगेत हे यावं: साध्या चादरी, तो वजनदार पांघरुणाचा एक थर, तुमची उशी दाबून बसत असेल तर तीच, पातळ टॉवेल, पावडर, कापडाची बरणी, दिव्याची शेड आणि रोज हाताला लागणाऱ्या दोन-तीन वस्तू. इथे मी शोभेच्या वस्तूंपेक्षा वापराच्या वस्तूंच्या बाजूने आहे. भिंतीवरची वस्तू महिन्याभरात दिसेनाशी होते, हाताची पकड रोज ओळखते. फॅन, हीटर, जड रजई येऊ देऊ नका. पॉवर बँक असेल तर ती हातातल्या सामानात, कधीही चेक-इन बॅगेत नाही.

माणसांच्या आठवणीवर सामानाचा उपाय नाही, वेळापत्रकाचा आहे. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा ठेवा, आणि त्या घरच्या मंडळींच्या दिनक्रमाने ठरवा, कारण वयस्कर माणसांचा दिवस हलत नाही. युरोपात घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. घरी बदलत नसेल तर तुमची फोनची वेळ एक तासाने सरकते. आठवडाभर आधी सांगून ठेवा, नाहीतर तिकडे कुणीतरी वाट बघत बसतं. दोन्ही फोनांपैकी एक तरी गप्पांचा नसावा. फोन टेकवून ठेवून दोन्हीकडे आपापली कामं चालू राहू द्या, अधूनमधून एखादं वाक्य. सोबत तीच. आणि संध्याकाळी घरात शिरण्याच्या त्या कठीण तासाला रोज फोन लावू नका असं मी आग्रहाने सांगते. तो तास मग फोनची वाट पाहण्याचा होऊन बसतो, आणि घर घरासारखं होण्याची संधी त्याला मिळत नाही. त्या तासाला दिवा आपोआप लागलेला असू दे, आवाज चालू असू दे, हाताला काहीतरी काम असू दे. फोन त्यानंतर.

सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी जास्त असतील तर आणखी एक करा. एकाच जागी, एकाच वारी, एकाच वेळी जात राहा. वाचनालय, पोहण्याचा तलाव, चालण्याचा गट, काहीही. ओळख ठरलेल्या वेळेने वाढते. वेगवेगळ्या दहा ठिकाणी एकेकदा गेल्याने कुणी आपल्याला ओळखू लागत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते. सलग दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास जात असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर उजेड नि पांघरुणं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जा. बऱ्याच नोकऱ्यांमध्ये गोपनीय समुपदेशनाची सोय असते, कामावर चौकशी करा.

येणाऱ्या माणसाला ध्वनिमुद्रणाचं आजच सांगा, निघण्याच्या गडबडीत ते राहून जातं. आणि आठवड्याची नोंद झाली की देश, मजला, झोपायच्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि आर्द्रतेचा आकडा कळवा. त्यावरून दिवे किती आणि कुठे लावायचे ते नेमकं सांगता येईल.